अनपेक्षित जयाची गोडी

आज ज्या खेळाविषयीं मी आपणांशीं बोलणार आहें, त्याला 'मिक्स्ड मार्शल आर्ट्स' असें म्हणतात. मराठींत त्याला संमिश्र युद्धकला म्हणतां येईल; कारण मुष्टियुद्ध, लाथांचे प्रहार, कुस्ती, ज्यूडो, ज्युजुत्सु ह्या साऱ्यांच्या डावपेचांना त्यांत मुभा असते. जाळीनें वेढलेल्या आखाड्यांत दोघे उतरतात. पांच-पांच मिनिटांच्या तीन फेऱ्या होतात. अजिंक्यपदाची लढत असली तर पांच. हा खेळ रानटी आहे असें म्हणणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांच्या म्हणण्यांत तथ्य नाहीं असें नाहीं. परंतु आजचा प्रश्न निराळा आहे. ह्या खेळांत दुबळा ठरविलेला गडी बलाढ्य विजेत्याला लोळवितो, तेव्हां त्याचें नांवही पूर्वी ज्यांनीं ऐकलें नव्हतें असे लोक हर्षानें उठून उभे राहतात. हा हर्ष कशाचा? आणि तो कितपत निर्मळ?

ह्या खेळाचा आजचा अवतार मुळांत अशाच एका आश्चर्यांतून जन्मास आला. १२ नोव्हेंबर १९९३ रोजीं अमेरिकेंत डेन्व्हर येथें निरनिराळ्या युद्धपद्धतींच्या आठ वीरांचे सामने एकाच रात्रीं लावण्यांत आले. वजनांचे गट पाडलेले नव्हते. त्यांत रॉयस ग्रेसी नांवाचा ब्राझीलचा एक सडपातळ तरुण होता. वजन सुमारें ८० किलो. त्यानें त्या रात्रीं आपल्याहून वजनदार असे तीन प्रतिस्पर्धी एकामागून एक शरण आणले. त्याच्या घराण्याची विद्या मूळची जपानी. मित्सुयो माएदा हा ज्यूडोपटू १९१४ सालीं ब्राझीलला गेला आणि त्याच्याकडून ती ग्रेसी घराण्यांत आली.

पुढल्याच वर्षीं, डिसेंबर १९९४ मध्यें, ग्रेसीची गांठ डॅन सेव्हर्न ह्या नामांकित कुस्तीगिराशीं पडली. सेव्हर्नचें वजन १०० किलोंहून अधिक. पंधरा मिनिटें ग्रेसी त्याच्याखालीं पाठीवर पडून होता. आपल्या तालमींतला कोणीही वस्ताद म्हणाला असता, "चीत झाला, कुस्ती संपली." परंतु त्याच स्थितींत ग्रेसीनें आपल्या दोन्ही पायांची कैची सेव्हर्नच्या मानेभोंवतीं व एका दंडाभोंवतीं अशी आवळली, कीं एका बाजूनें मांडीचा आणि दुसऱ्या बाजूनें सेव्हर्नच्या स्वतःच्याच खांद्याचा दाब मानेंतील रक्तवाहिन्यांवर पडावा. असा दाब बसला कीं अंगचें बळ कामास येत नाहीं. कांहीं सेकंदांत शुद्ध हरपूं लागते. सेव्हर्ननें हार मानली.

श्रोतेहो, ह्या खेळाचें मर्म मला येथें दिसतें. आपल्या कुस्तींत पाठ टेकली कीं निकाल लागला; येथें पाठ टेकल्यानंतरही लढत उरते. पुढें वजनांचे गट आले, नियम आले, पंचांचे अधिकार वाढले; तरी ही गोष्ट पालटली नाहीं. हातमोजे अवघे चार औंसांचे, म्हणजे मुष्टियोद्ध्याच्या मोज्यांच्या निम्मे किंवा त्याहूनही कमी. एखादा अचूक ठोसा, एखादी लाथ, एखादी पकड बसली कीं तोंवर साधलेली सारी सरशी व्यर्थ होते. क्रिकेटांत दुबळ्या संघाला दिवसभर चांगलें खेळावें लागतें. येथें एक क्षण पुरतो. दुर्बळासाठीं एक दार नेहमींच किलकिलें असतें.

परंतु दार उघडें असणें निराळें आणि त्यांतून आंत शिरतां येणें निराळें. ७ एप्रिल २००७ रोजीं ह्यूस्टन येथें मॅट सेरा हा जॉर्ज सेंट पिअर ह्या अजिंक्यवीरापुढें उभा राहिला, तेव्हां लहान तोंडीं मोठा घास अशीच बहुतेकांची भावना होती. सेरा उंचीनें ठेंगणा, ज्युजुत्सूंत प्रवीण. म्हणजे जमिनीवरचा गडी. त्यानें उभ्या उभ्या ठोशांनीं सेंट पिअरला पहिल्याच फेरींत, साडेतीन मिनिटांच्या आंत, गारद केलें. लोकांनीं त्याला दैव म्हटलें. पण सेंट पिअरचा तोल प्रथम गेला, त्या क्षणीं सेरा थबकला नाहीं. मिळालेली संधि निसटूं न देतां तो तुटून पडला. संधि दैव देतें असें म्हणूं. ती ओळखणारी नजर मात्र वर्षानुवर्षांच्या मेहनतीनेंच येते.

ह्याहून बोलकें उदाहरण २० ऑगस्ट २०२२ चें. सॉल्ट लेक सिटी येथें कमारू उस्मान ह्या विजेत्याशीं लिऑन एडवर्ड्स लढत होता. एडवर्ड्सचा जन्म जमेकांतला, वाढला इंग्लंडांत बर्मिंगहॅम येथें. २०१५ सालीं उस्माननें त्याला एकदां हरविलें होतें. ह्या वेळीं पहिली फेरी एडवर्ड्सनें जिंकली. पुढल्या तीन उस्मानच्या झाल्या. पांचवीही त्याच वाटेनें चालली होती. पराभव कागदावर उतरावयाचा तेवढा उरला होता. एक मिनिटाहून कमी वेळ शिल्लक असतां एडवर्ड्सनें डाव्या हाताची हूल दिली, उस्मानचें डोकें बाजूला झुकलें, आणि तेथेंच डाव्या पायाची लाथ येऊन आदळली. उस्मान निश्चेष्ट पडला. प्रेक्षकाला येथें भावतें तें सामर्थ्य नव्हे; चोवीस मिनिटें हातून सारें निसटत असतांही ज्याचें लक्ष निसटलें नाहीं, त्या माणसाची ती चिकाटी भावते. आपण बहुतेक जण आयुष्याच्या कोणत्या ना कोणत्या फेरींत मागें पडलेलेच असतों. म्हणून तो आपला वाटतो.

येथपर्यंत हा हर्ष निर्मळ आहे. परंतु त्याला दुसरी एक बाजू आहे. असा निकाल लागला कीं आपण 'गर्वाचें घर खालीं' ही म्हण उच्चारतों. कधीं ती लागूही पडते. जुलै २०१३ मध्यें अँडरसन सिल्व्हा हात खालीं सोडून ख्रिस वाइडमनला वेडावीत होता, आणि तशांतच ठोसा खाऊन बेशुद्ध पडला. पण सेंट पिअरनें कोणता गर्व केला होता? वर्षभरानें त्यानें सेराला माँट्रिऑल येथें हरविलें, आणि त्यानंतर निवृत्त होईपर्यंत तो कधींही हरला नाहीं. मोठ्याचें पडणें हें प्रत्येक वेळीं पापाचें फळ नसतें.

नोव्हेंबर २०१५ मध्यें मेलबर्न येथें छपन्न हजारांहून अधिक लोकांसमक्ष होली होम हिनें राँडा राउझी हिला दुसऱ्या फेरींत लाथेच्या प्रहारानें पाडलें. राउझी तोंवर अपराजित होती. २००८ च्या ऑलिंपिकमध्यें तिनें ज्यूडोचें कांस्यपदक मिळविलें होतें. होमचा विजय खरोखर देखणा होता. पण त्यानंतर राउझीची जी टवाळी झाली, तींत होमविषयींचें कौतुक थोडें आणि जुनी असूया फार होती. पुढें एका मुलाखतींत राउझीनें सांगितलें, कीं त्या पराभवानंतर क्षणभर तिच्या मनांत जीव देण्याचा विचार येऊन गेला होता. चार महिन्यांच्या आंत होमही हरली. काल जी कमी लेखलेली होती, ती आज उंचावर. आणि उंचावर असलेल्याचें पतन पाहावयास गर्दी तयारच असते. दुर्बळाविषयींचें प्रेम म्हणून आपण जें मिरवितों, तें पुष्कळदां मोठ्याविषयींचा मत्सरच नसतो काय?

आणखी एक गोष्ट. सेरा व एडवर्ड्स आपल्या ध्यानांत राहतात, कारण ते जिंकले. दुबळे ठरविलेले बहुतेक गडी हरतात, मार खातात, आणि त्यांचीं नांवें कोणी घेत नाहीं. ह्या खेळांत शरण जाण्याची एक साधी खूण आहे: पकडींत सांपडलेल्यानें हातानें थाप मारावी, कीं प्रतिस्पर्ध्यानें तत्काळ सोडावें. आपला बचाव करूं न शकणाऱ्यासाठीं पंच मधें पडतो. दुबळ्याचा खरा कैवारी तो पंच, आणि खरा आधार ती थाप. तरीही वेळीं थांबविलेल्या लढतीवर प्रेक्षक शिट्ट्या मारतात. थाप मारणाऱ्याला भित्रा म्हणतात. अद्भुत घडावें ह्या हौसेपायीं आपण त्या माणसाचें डोकें आणि हाडें पणाला लावीत असतों, ह्याचें भान तेव्हां राहत नाहीं.

तेव्हां, श्रोतेहो, लहानानें मोठ्याला पाडलें असतां आनंद अवश्य मानावा. कोणाचेंही भविष्य आधीं लिहून ठेवतां येत नाहीं, हें त्यांतून पुन्हा एकदां पटतें. मात्र त्या आनंदाची कसोटी विजयाच्या रात्रीं लागत नाहीं. दुबळा गडी हरून, सुजलेल्या चेहऱ्यानें जाळीबाहेर पडतो, तेव्हां त्याच्यासाठीं किती टाळ्या वाजतात, ह्यावर ती लागते.