स्वच्छ दिसणाऱ्या पाण्याविषयी



पाण्याचे नमुने घ्यायला आम्ही पेडण्यात जावो की डिचोलीत, प्रश्न ठरलेला असतो: "पाणी स्वच्छ आहे, गोड आहे, मग तपासायचं कशाला?"

डिचोलीच्या खाणपट्ट्यात पाण्यातले लोह लपत नाही. कळशीला तांबूस थर धरतो, कपड्यांवर डाग पडतात. आर्सेनिक मात्र रंग, वास, चव काहीच दाखवत नाही. ते कारखान्यातूनच येते असे नाही. खडकातूनही पाण्यात उतरते. आपल्या गडचिरोलीला लागून, आता छत्तीसगडात असलेल्या कौडीकसा भागात १९९९ च्या सुमारास ते उजेडात आले. असे पाणी वर्षानुवर्षे प्यायल्याने त्वचेवर डाग पडतात, तळहात-तळपाय खरखरीत होतात, कर्करोगाचाही धोका वाढतो.

पिण्याच्या पाण्यात मर्यादा आहे लिटरला ०.०१ मिलिग्रॅम. उकळून आर्सेनिक जात नाही. पाणी आटते, ते उरते.

बोअरवेलचे साचलेले पाणी आम्ही आधी उपसून टाकतो, मग बाटली भरतो. जागा आणि खोली लिहून घेतो, कारण खडकाचा थर बदलला की पाणी बदलते. शेजारच्या दोन बोअरवेलचे अहवालही जुळतीलच असे नाही. म्हणून शेजाऱ्याच्या अहवालावर आपण निर्धास्त राहू नये. तसेच, लोह सापडले म्हणजे आर्सेनिक असणारच, असेही समजू नये.

अहवाल वाईट आला, तर ते पाणी पिण्यास व स्वयंपाकास बंद करावे. चवथीला घर पाहुण्यांनी भरते. त्याआधी एक बाटली प्रयोगशाळेत पोचवा, एवढीच विनंती.