बुलेटवरून हिमालयनवर

मयूर विहार फेज वनमधून बोलतोय. मागून मेट्रोचा आवाज आला तर सांभाळून घ्या.

दिल्लीत 15 वर्षांवरच्या पेट्रोल गाड्या चालवायच्या नाहीत, हा हरित लवादाचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये कायम केला. माझी बुलेट 2003 ची. एनओसी काढली, ती साताऱ्याला धाकट्या भावाकडे पाठवली आणि 411 सीसीची हिमालयन घेतली. सौ. एवढंच म्हणाल्या, "पडलात तर उचलणार कोण?" प्रश्न रास्त होता. गाडी जवळजवळ 200 किलोची, आणि माझे गुडघे सरकारी नोकरीत झिजलेले.

पण उचलण्याआधी पायांचं बघू. जुन्या बुलेटला गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या पायाला, आणि पहिला गिअर वर. हिमालयनवर सगळं उलटं. म्हणजे अचानक कुणी आडवं आलं, की डावा पाय सवयीने ब्रेक समजून गिअर दाबणार! डोक्याला कळतं, पायाला कळत नाही. म्हणून महिनाभर पहाटे पाचला रिकाम्या रस्त्यावर फक्त थांबण्याचा सराव केला. ज्यांची जुनी बुलेट अजून घरात आहे, त्यांनी एका दिवसात दोन्ही गाड्या चालवू नयेत, असं माझं स्पष्ट मत.

मग यमुनेच्या खादरातली वाळू. पुढचं चाक 21 इंची, बुलेटचं 19. मोठं चाक खड्ड्यात कमी अडकतं. पुढच्या सस्पेन्शनला 200 मिलिमीटरची चाल आहे, पण बसून राहिलात तर तिचा अर्धाच फायदा. फूटरेस्टवर उभं राहायचं, गुडघे सैल, हँडल हलकं धरायचं, नजर लांब. वाळूत पुढचा ब्रेक विसरा.

गाडी आडवी पडली, तर आधी इंजिन बंद. उजवीकडे पडली असेल तर साइड स्टँड उघडून ठेवायचा, म्हणजे उभी झाल्यावर पलीकडे कोसळत नाही. गिअरमध्ये टाकायची, हँडल पूर्ण वळवायचं, सीटला पाठ लावायची, आणि पाठ ताठ ठेवून मांड्यांच्या जोरावर मागे मागे चालायचं. सोसायटीच्या हिरवळीवर गादी टाकून मी हे सौ.समोर करून दाखवलं. परवानगी मिळाली, पण स्पितीला एकटं जायचं नाही, या अटीवर. अट मान्य केली.

देखभालीत फौजेची सवय कामी आली. आमच्याकडे गाड्यांची मेंटेनन्स परेड असायची. गाडी चालो न चालो, दर आठवड्याला हात लागायचाच. बुलेटची चेन झाकलेली असायची, इथे उघडी. म्हणून दर 500 किलोमीटरला केरोसिनने पुसून वंगण, आणि धुळीतून आलो की लगेच. एअर फिल्टर दिल्लीच्या हवेत पुस्तकात लिहिलंय त्याच्या आधीच उघडतो. स्पोकवर पान्याने हलकेच टिचकी मारायची: घट्ट स्पोक टणटणतो, सैल असेल तो ठप्प वाजतो. वाळूसाठी टायरची हवा कमी केली असेल, तर डांबरी रस्त्यावर चढण्याआधी परत भरायची. छोटा पंप सोबत हवाच.

माझ्या गाडीचे टायर ट्यूबवाले. पंक्चर काढणं घरीच शिका, दोन्ही चाकांच्या ट्यूब जवळ ठेवा. पहिल्यांदा मागचं चाक उतरवून परत बसवायला मला अडीच तास लागले. आता चाळीस मिनिटं, चहा धरून.

पुढच्या भागात सामान कुठे बांधायचं ते दाखवतो. सौ.ची बॅग धरून.