कादंबरीची पोथी

(मुक्ताईनगर येथे ८ मार्चच्या महिला मेळाव्यात केलेलं भाषण. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



मला ‘स्त्री आणि वाचन’ या विषयावर बोलायला सांगितलं आहे. विषय मोठा भारदस्त आहे, पण मी सुरुवात एका कबुलीनं करणार आहे. हरि नारायण आपटे यांची ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी माझी अजून पूर्ण वाचून झालेली नाही. आयुष्यभर मराठी शिकवलं, मुलींना या कादंबरीवर टिपा लिहून दिल्या, परीक्षेत प्रश्न काढले. पण शेवटच्या पानापर्यंत मी पोचले नाही.

चार वेळा हातात घेतली. कॉलेजात असताना परीक्षा आली म्हणून गाईडवर भागवलं. लग्नानंतर पहिल्याच वर्षी पुन्हा घेतली, तेव्हा जाऊबाई हसून म्हणाल्या, “पुस्तकाला बसायची तर कुकराला शिट्ट्या कोण मोजेल?” त्या वाईट नव्हत्या. त्यांनाही कुणी कधी बसू दिलं नव्हतं. तिसऱ्या वेळी मुलं लहान होती. चौथ्या वेळी सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या. दर वेळी मी निम्म्याच्या अलीकडे थांबले आणि पुन्हा सुरू करताना पहिल्या पानापासून केली, कारण मधलं सगळं विसरलेलं असायचं. त्यामुळे यमूचं बालपण मला तोंडपाठ आहे आणि तिचं पुढे काय झालं ते गाईडातून माहीत आहे!

स्टाफरूममध्ये हा विषय निघाला की एक सर हमखास सांगत, “मी तर मॅट्रिकच्या सुट्टीत चार दिवसांत संपवली.” मला खूप वर्षं वाटायचं, माझ्यातच काही खोट आहे. चिकाटी नाही, बुद्धी जड आहे. त्या चार दिवसांत सरांना जेवायला कोण वाढत होतं, हा प्रश्न मला फार उशिरा सुचला.

आता या पुस्तकाबद्दल थोडं. हरिभाऊ पुण्याचे म्हणून प्रसिद्ध आहेत, पण ते जन्मले आपल्या खानदेशात, पारोळ्याला. तारीख ८ मार्च १८६४. म्हणजे आज आपण महिला दिनाला जमलो आहोत तो त्यांचा जन्मदिवससुद्धा आहे. हा निव्वळ योगायोग, त्याचा फार अर्थ काढायचं कारण नाही, पण मला तो आवडतो. १८९० साली त्यांनी ‘करमणूक’ नावाचं साप्ताहिक काढलं आणि त्यात ही कादंबरी हप्त्याहप्त्यानं छापली. १८९३ पर्यंत ती चालू होती. यमू नावाची मुलगी आपली कहाणी स्वतः सांगते. माहेर, दुर्गीसारखी मैत्रीण, लहानपणी झालेलं लग्न, सासर. नवरा भला माणूस, तो तिला लिहा-वाचायला प्रोत्साहन देतो, दोघं मुंबईला बिऱ्हाड करतात. मग नवरा जातो आणि घरचे तिचं केशवपन करतात.

ती वर्षं कशी होती पाहा. १८९१ साली संमतिवयाचा कायदा झाला. मुलगी दहाच्या ऐवजी बारा वर्षांची होईपर्यंत नवऱ्यानं तिच्याशी संबंध ठेवू नये, एवढंच त्यात होतं, पण तेवढ्यासाठी पुण्यात सभा उधळल्या जात होत्या. पंडिता रमाबाईंचं शारदा सदन १८९० साली मुंबईहून पुण्याला आलं. तिथेच शिकलेल्या गोदूबाई या विधवेशी १८९३ साली धोंडो केशव कर्व्यांनी लग्न केलं. बाहेर एवढा गदारोळ चालू असताना घराघरात दर आठवड्याला यमू थोडी थोडी येत होती. बाई वाचली तर नवरा मरतो असं मानणारी माणसं तेव्हा जिवंत होती. काशीबाई कानिटकर, हरिभाऊंच्या स्नेही, पुढे स्वतः लेखिका झाल्या. त्या सासरी आल्यावर घरातल्या बायकांचा विरोध सोसूनच वाचायला शिकल्या.

सांगायचा मुद्दा असा, की ही कादंबरी चार दिवसांत संपवायला लिहिलेलीच नव्हती. पहिल्या वाचकांना ती संपायला तीन वर्षं लागली! हे मला कळलं तेव्हा डोक्यावरून हंडा उतरल्यासारखं झालं. आणि मग मनात आलं, आपल्याकडच्या बाया एवढं मोठं पुस्तक ऐकू शकत नाहीत असं कोण म्हणतं? चातुर्मासात शिवलीलामृत लागतं, हरिविजय लागतो. सप्ताहात ज्ञानेश्वरीचं पारायण होतं, नऊ हजार ओव्या सात दिवसांत. एकजण वाचते, बाकीच्या वाती वळत ऐकतात. माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती, पण रामविजयात कुठल्या अध्यायात काय आहे ते तिला विचारावं. पोथीला बसलेल्या बाईला घरात कुणी हाक मारत नाही. पोथीला वेळ मिळतो, कादंबरीला मिळत नाही. मग म्हटलं, कादंबरीचीच पोथी लावू.

दीड वर्षापूर्वी आम्ही नऊजणींनी सुरुवात केली. बचत गटातल्या काही, शेजारच्या काही. शनिवारी दुपारी दोन ते साडेतीन, एका मैत्रिणीच्या ओसरीवर. तिघींना वाचता येतं, त्या आळीपाळीनं वाचतात. बाकीच्या तूर निवडतात, शेंगा फोडतात. एकीच्या सासऱ्यांनी विचारलं, कुठली पोथी? तिनं सांगितलं, यमुनामाहात्म्य. त्यांनी हात जोडले. तुम्ही हसता, पण खोटं बोलल्याशिवाय दीड तास मिळत नाही ही काही हसण्यासारखी गोष्ट नाही.

कापूस वेचणीत दोन महिने बंद राहिलं. वैशाखात लग्नं. मुक्ताईची पालखी निघाली तेव्हा दोघीजणी पंढरपूरला चालत गेल्या, म्हणून त्या येईपर्यंत थांबलो, कारण त्यांना गाळून पुढे जायचं नाही असं ठरलं होतं. त्या परत आल्या आणि म्हणाल्या, “कुठवर आली आपली यमू?”

सगळंच गोड होतं असं सांगणार नाही. हरिभाऊ पाल्हाळ लावतात. हप्ता भरायचा असला की वाचकाला चार उपदेश करतात. कधी कधी दोन-दोन पानं घटना पुढे सरकतच नाही. आमच्यात एक सत्तरीच्या जिजी आहेत, त्या अशा वेळी सरळ म्हणायच्या, “हे राहू दे व माय, पुढं काय झालं ते वाच.” मी आधी ऐकत नव्हते, अभ्यासकाचा अहंकार. नंतर ऐकू लागले. पण शंकरमामंजी आला की सगळ्या सरसावून बसायच्या. वरून सोवळं आणि आतून बायकोला छळणारा हा माणूस आमच्या इतका ओळखीचा झाला, की आता गावातल्या एका पुढाऱ्याचं आमच्यात तेच नाव आहे. कोण ते विचारू नका.

एक प्रश्न मात्र खरा आला. हे सगळं पुण्या-मुंबईच्या ब्राह्मण घरातलं, आमचं काय त्यात? आमच्यात पाट लावायची रीत होती, केस कुणाचे काढत नव्हते. बरोबर आहे. पाट लागला म्हणून बाई सुखी झाली असं नाही, पण हे दुःख त्या जातीचं होतं आणि कादंबरी तेवढ्यापुरतंच पाहते. त्यावर आमच्यातली एक मैत्रीण, जिच्या घरात पिढीजात नाभिकाचं काम आहे, म्हणाली, “केस काढायला तर आमच्याच माणसाला बोलवत असतील. त्याला काय वाटलं असेल?” यमू आपली कहाणी सांगते, त्यामुळे त्या माणसाच्या मनात काय होतं ते पुस्तकात कळत नाही. पण इतिहासात थोडं कळतं. ज्या १८९० साली ही कादंबरी सुरू झाली, त्याच वर्षी मुंबईत नाभिकांनी सभा घेऊन ठरवलं होतं, की आम्ही विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही. त्यांच्या पाठीशी नारायण मेघाजी लोखंडे होते. हेच लोखंडे गिरणी कामगारांची संघटना बांधत होते आणि ‘दीनबंधु’ चालवत होते. या सगळ्याच्या मुळाशी महात्मा फुल्यांचा विचार होता. हे सांगितल्यावर ती मैत्रीण बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “हे आम्हाला कुणी सांगितलं नाही.” तिच्या मुलानं शाळेत यावर भाषण केलं, हे वरकड.

अजून एक नाव घेते, कारण ते आपल्या शेजारचं आहे. आपल्या तालुक्याची शीव ओलांडली की मलकापूर, बुलढाणा जिल्हा. त्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला मूल मारल्याबद्दल शिक्षा झाली, वर्तमानपत्रांनी सगळ्या बायकांना झोडपलं, तेव्हा ताराबाईंनी १८८२ साली ‘स्त्रीपुरुष तुलना’ लिहिलं. म्हणजे हरिभाऊंच्या आधी आठ वर्षं. लहानसं पुस्तक, एका बैठकीत संपतं. पुरुषांनी लिहिलेल्या गोष्टी-नाटकांतल्या बायका कशा खोट्या असतात त्याचा त्यांनी त्यात समाचार घेतला आहे. यमू त्यांना कितपत पटली असती याची मला शंका आहे. यमू फार सोसते. ताराबाई सोसत नाहीत, विचारतात. आम्ही मध्ये एक शनिवार त्यांना दिला आणि त्या दिवशी ओसरीवर जेवढा गोंगाट झाला तेवढा पुन्हा झाला नाही.

आता जिथे आम्ही अडलो ते सांगते. नवरा गेल्यानंतरचा भाग सुरू झाला. पुढे केशवपन येणार हे मला माहीत होतं, पण बाकीच्यांना सांगितलं नव्हतं, गोष्टीची मजा जाऊ नये म्हणून. माझी ही मोठी चूक झाली. आमच्यात चौतीस वर्षांची एक मैत्रीण आहे, तिचा नवरा जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. वाचन चालू असताना ती उठली, तुरीचं सूप खाली ठेवलं आणि घरी गेली. पुढच्या शनिवारी आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. मी भेटायला गेले तर म्हणाली, “ताई, केस काढले नाहीत एवढंच. बाकी सगळं केलं.” कुंकू पुसलं, मंगळसूत्र तोडलं, बांगड्या दगडानं फोडल्या. मनगटावरची खूण दाखवली.

मी ओसरीवर परत आले, जमलेल्यांना तिचा निरोप दिला. त्या वेळी सत्तरीच्या त्या जिजी बोलल्या. त्या स्वतः पंचवीस वर्षांच्या असताना विधवा झाल्या आहेत. म्हणाल्या, “तिच्या बांगड्या मीच फोडल्या. विधवेनंच फोडायच्या असतात ना. मला बोलावलं, मी गेले.” मग म्हणाल्या, “माझ्या फोडल्या तिचंबी नाव मला आठवतं.” इतके महिने त्या दोघी एकाच ओसरीवर समोरासमोर बसून तूर निवडत होत्या.

त्या दिवशी पुस्तक बंद झालं ते चार महिने उघडलं नाही. लोकांना वाटलं, बायांचा उत्साह संपला. पण शनिवारचं जमणं चालूच होतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावानं मे २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव केला, की आमच्या गावात विधवेचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत. त्याच महिन्यात राज्य सरकारनं इतर ग्रामपंचायतींनाही तसं करायला सांगणारं पत्रक काढलं. ही कात्रणं आम्ही वाचली. कागदावर ठराव होणं आणि दहाव्या दिवशी दगड हातात न घेणं यात अंतर आहे, हे जिजींना आमच्यापेक्षा जास्त कळत होतं. मधल्या काळात त्यांच्या भावकीत एक तरुण मुलगा गेला. त्यांना बोलावणं आलं. त्या गेल्या, सुनेजवळ बसल्या, आणि “मला हे जमायचं नाही” असं सांगून परत आल्या. बांगड्या दुसऱ्या कुणीतरी फोडल्याच. जिजींना भावकीतून बोल लागले, अजून लागतात.

ती चौतीस वर्षांची मैत्रीण पौषात परत आली. आली आणि म्हणाली, पुढचं नको, मागचं वाचा, मुंबईचं. यमू नवऱ्याबरोबर बिऱ्हाडात राहते, वाचते, मैत्रिणी जोडते, तो भाग. आम्ही तो सगळा दुसऱ्यांदा वाचला. पाच शनिवार गेले त्यात. मी मनातून अस्वस्थ होते, या वेगानं आपण शेवट कधी गाठणार. शिक्षिकेचा स्वभाव, अभ्यासक्रम पुरा झाला पाहिजे. सहाव्या शनिवारी तिनं माझ्या हातातून पुस्तक घेतलं आणि जिथे ती उठून गेली होती ते पान काढलं. ती सातवीपर्यंत शिकलेली आहे. ओळीखाली बोट ठेवून वाचते, जोडाक्षराला अडते. एका बैठकीत दोन पानं होतात. जिजी तिच्या शेजारी बसतात.

तेव्हा मैत्रिणींनो, मी अजून ती कादंबरी संपवलेली नाही. बरीच पानं उरली आहेत. पुस्तक सध्या तिच्याकडे आहे, तिला घरी सराव करायचा असतो. येत्या शनिवारी दोन वाजता आहे वाचन. ज्यांना यायचं त्यांनी यावं, मागची गोष्ट आम्ही सांगू. येताना निवडायचं काहीतरी घेऊन या.