जीवदानी उतरताना पाय का मुरगळतो?

हेडफोन कानात राहू द्या, फक्त एका पायातली चप्पल काढा. आज घोट्याबद्दल बोलायचंय.

विरारच्या जीवदानीच्या हजाराहून जास्त पायऱ्या चढताना दम लागतो, मांड्या भरून येतात. पण पाय मुरगळायची भीती जास्त ती उतरताना. स्टेशनच्या पुलावरही तेच. खाली लोकल लागलेली दिसते, आपण धडाधड उतरतो आणि शेवटच्या पायरीवर घात होतो. असं का?

घोट्याच्या दोन्ही बाजूंचे उंचवटे चाचपून बघा. आतलं टोक नडगीच्या हाडाचं, बाहेरचं तिच्या शेजारच्या बारीक हाडाचं. या दोघांच्या चिमट्यात टॅलस नावाचं हाड बसतं. गंमत म्हणजे टॅलसला एकही स्नायू चिकटलेला नाही. ते पुढे रुंद आणि मागे अरुंद असतं, पाचरीसारखं.

चढताना पाऊल नडगीकडे वाकतं, रुंद भाग चिमट्यात घट्ट बसतो. उतरताना चवडा खाली जातो, अरुंद भाग चिमट्यात येतो, सांधा जरा सैल होतो. मग सगळी भिस्त लिगामेंटवर.

हा सांधा पाऊल वर-खाली करतो. तळवा आत-बाहेर वळतो तो मुख्यतः त्याच्या खालच्या, टॅलस आणि टाचेच्या हाडामधल्या सांध्यात. आता बाहेरचा उंचवटा परत बघा. तो आतल्यापेक्षा खालपर्यंत येतो ना? म्हणून पाऊल बाहेर कमी आणि आत सहज वळतं. त्यात आतल्या बाजूचं लिगामेंट जाडजूड, बाहेरची त्यामानाने नाजूक. त्यामुळे बहुतेक वेळा ताणली जातात ती बाहेरचीच.

आता कामाचं. ताजा मुरगळलेला पाय चोळून घेऊ नका. आणि "चालता येतंय, म्हणजे फ्रॅक्चर नाही," हेही खरं नाही. कॅनडातल्या ओटावाच्या डॉक्टरांनी १९९२ मध्ये मांडलेले नियम आज जगभर वापरतात. घोट्याच्या उंचवट्यांच्या टोकावर किंवा मागच्या कडेवर दाबल्यावर हाड दुखत असेल, किंवा चार पावलंही टाकता येत नसतील, तर एक्स-रे काढायचा. पावलाच्या बाहेरच्या कडेला मध्यावर किंवा आतल्या बाजूला कमानीच्या वरचं हाड दुखलं, तरीही. पाय वाकडा दिसला किंवा बधिर झाला, तर थेट हॉस्पिटल गाठा.

सूज उतरली की आपण विषय संपवतो. पण पाऊल कसं पडतंय याची खबर मेंदूला देणाऱ्या नसा लिगामेंटमध्येही असतात. ती खबर मंदावली की तोच पाय पुन्हा मुरगळतो. म्हणून दुखणं थांबल्यावर, डॉक्टर किंवा फिजिओला विचारून, रोज दात घासताना एका पायावर उभं राहा. भिंत हाताशी असू द्या. जमलं की डोळे मिटून.

हा व्यायाम घरीच करा हं. विरार लोकलमध्ये दोन पाय टेकवायलाही जागा नसते!

भेटूया पुढच्या भागात.