शाहीर अण्णा भाऊ साठे यांची नाट्यसेवा
(नांदुरा येथील भाषण)



नाटककार हा आपल्या बुलढाणा जिल्ह्यास नवा नव्हे. श्रीपाद कृष्ण कोल्हटकर खामगाव व जळगाव जामोद येथे वकिली करीत व नाटकेही लिहीत. परंतु लिहिणारा एक व तोंडास रंग लावणारा दुसरा, अशी तेथे वाटणी होती. आज आम्ही ज्यांच्याविषयी बोलणार, ते वग स्वतः लिहीत आणि लोकांपुढे स्वतःच उभे राहत.

अण्णा भाऊ साठे यांचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी सांगली जिल्ह्यातील वाटेगावी, मातंग कुळात झाला. शाळा त्यांना दीड दिवसाचीच लाभली, असे सांगतात. लहानपणी आईबापांबरोबर ते पायी मुंबईस गेले. पाट्यांवरची अक्षरे जुळवीत वाचावयास शिकले. आप्तांच्या तमाशाच्या फडात त्यांचा गळा व हात तयार झाला. १९४४ साली शाहीर अमर शेख व द. ना. गव्हाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभारले.

आता त्यांनी केले काय, ते पाहा. तमाशाचा साचा त्यांनी मोडला नाही, त्यातील माल बदलला. गणात गणपतीऐवजी मायभू व कष्टकरी यांस वंदन आले, गवळण गळाली. ‘अकलेची गोष्ट’, ‘शेटजींचे इलेक्शन’, ‘माझी मुंबई’ या वगांत शेतकरी आणि गिरणीकामगार हेच नायक झाले. पुढे मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली, तेव्हा ‘लोकनाट्य’ हे नाव पुढे आले व खेळ चालूच राहिला. ज्याचे दुःख, तोच बोलणारा. मग प्रेक्षकास समजावून सांगावयास टीकाकार लागतो कशाला?

ही वाट जुनीच आहे. जोतीरावांनी १८५५ साली ‘तृतीय रत्न’ नाटक लिहिले. दक्षिणा प्राइज कमिटीने ते नाकारले. त्यांच्या मागून सत्यशोधक जलसे गावोगाव फिरले. त्या जोतीरावांचे चरित्र आपल्याच जिल्ह्यातील पंढरीनाथ पाटलांनी १९२७ साली छापिले, म्हणून आपणांस ते वाचावयास मिळाले. परंतु कित्येक जलसेकऱ्यांची कवने वहीतच राहिली, आणि वही उंदरांनी खाल्ली!

अण्णा भाऊंचे वग छापले गेले, म्हणून उरले. त्यांच्या ‘फकिरा’ कादंबरीस १९६१ साली सरकारी पारितोषिकही मिळाले. तरी १८ जुलै १९६९ रोजी ते वारले, ते दारिद्र्यातच. २०२२ साली मॉस्कोत त्यांचा पुतळा उभा राहिला. जिवंतपणी भाकरीची भ्रांत आणि मेल्यावर पुतळा, ही आपली रीत आहे. तिची आम्हांस लाज वाटते.

म्हणून नांदुरेकरांस आमचे एवढेच मागणे आहे. आपल्या पंचक्रोशीत भारुड, सोंगी भजन, वग रचणारा व स्वतः नाचणारा कोणी म्हातारा असेल, तर उद्याच त्याच्या दारी जा. त्याची वही उतरून घ्या, तिच्यावर त्याचे नाव घाला आणि बिदागी त्याच्या हातावर ठेवा. हार मागाहून घाला.