तारेचा झोळ आणि संख्यांची माळ

माजिवड्यात चाळीत राहा की वीस मजली इमारतीत, कपडे वाळत घालण्याची दोरी सर्वांच्या परिचयाची आहे. ती कितीही ताणली तरी मध्ये थोडी झुकतेच. विजेच्या तारेचेही तसेच. या झुकण्यालाच आपण झोळ म्हणतो. झोळाचा हिशेब चुकला, तर तार जमिनीपासून किती उंच राहील हेही चुकते. आणि तारेखालून माणसे जात असतात. म्हणून आजचा विषय आम्ही येथून सुरू करीत आहोत.

लोंबत्या तारेच्या वक्राचे कोडे १६९१ साली लायब्निझ, हायगेन्झ आणि योहान बर्नुली यांनी सोडविले. आज आपण ते अपास्तीय कोज्या या फलनाने मांडतो. समजा, दोन खांबांत ३०० मीटर अंतर आहे आणि तारेचा आडवा ताण तिच्याच १,५०० मीटर लांबीच्या वजनाइतका आहे. अर्धे अंतर १५० मीटर. त्याला १,५०० ने भागले की ०.१ येतात. ०.१ ची अपास्तीय कोज्या घ्यावी, तीतून १ वजा करावा, बाकीला १,५०० ने गुणावे, झोळ मिळतो.

चार दशांश स्थळांच्या कोष्टकात ती १.००५० दिसेल. उत्तर साडेसात मीटर. पण वजाबाकीत पुढचे अंक निघून गेले. उरला शेवटचा, संशयित भाग. त्यातली ०.००००५ ची शंका १,५०० पट वाढून साडेसात सेंटिमीटर होते! आता दुसरी वाट पाहा. ०.०५ ची अपास्तीय ज्या ०.०५००२ आहे. तिचा वर्ग करून दुप्पट करा. बीजगणिताने ही तीच बाकी होय, पण येथे वजाबाकीच नाही. उत्तर ७.५०६ मीटर, आणि शंका उरते दीड मिलिमीटरची.

मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेचे टिफ्रॅक यंत्र १९६० साली चालू झाले, तेव्हा त्याच्या स्मृतीत २,०४८ शब्द मावत. आज पायथन भाषेतील नमपाय या ग्रंथालयाला शेकडो खांबांच्या गुणोत्तरांची माळ द्यावी, आणि एका आज्ञेत प्रत्येक मण्याची अपास्तीय कोज्या तो काढून देतो. सुमारे सोळा अंक तो सांभाळतो. तरीही गुणोत्तर एक भागिले दहा कोटी इतके लहान झाले, की कोज्या नेमकी १ येते, वजाबाकी शून्य होते, आणि यंत्र सांगते की तारेला झोळच नाही! दोष ग्रंथालयाचा नव्हे. त्याने कोज्या शक्य तितकी अचूक दिली. वजाबाकी आपण सांगितली. त्याच माळेवर ज्येची वाट चालविली तर उत्तर बरोबर येते.

यंत्र हजार हिशेब एका दमात करते, तेव्हा चूकही हजार ठिकाणी एका दमात होते. कागदावर समान असलेली दोन सूत्रे हिशेबात समान नसतात. त्यांतले कोणते घ्यावे, हे ठरविणे आपल्याकडेच राहिले आहे.