नगरधन ते खिंडसी : आमच्या सायकलींची वाट

शेतातून येऊन, हातपाय धुऊन, चुलीवर भात ठेवून रेडिओजवळ बसला असाल. आज आम्ही कर्जाचं किंवा हप्त्याचं बोलणार नाही. आज सायकलीवरच्या एका फेरीचं सांगणार आहोत. तरी सुरुवात मात्र बँकेपासूनच करावी लागते.

आमचं गाव नागपूर जिल्ह्यात, रामटेक तालुक्यात, नगरधनपासून ३ किलोमीटरवर. चहूकडे धानाच्या बांध्या. मागच्या वर्षी रोवणीच्या तोंडावर गटाचं कर्ज मंजूर झालं. पैसे काढायला अध्यक्ष आणि सचिव दोघींच्या सह्या लागतात. आमच्या अध्यक्ष काकूंना बँकेत न्यायला त्यांचा मुलगा मोकळा नव्हता. दुसऱ्या दिवशी बस चुकली. तिसऱ्या दिवशी बँकेला सुट्टी. असं करता करता पैसे हातात आले तेव्हा रोवणी उरकली होती. त्या दिवसांत आमच्यातल्या दोघींनी बाहेरून जास्त व्याजाने पैसे उचलले. ते फेडायला दिवाळी उजाडली.

त्या महिन्याच्या बैठकीत सगळ्या चिडलेल्या होत्या. एकीने विचारलं, "पोरींना शाळेत जायला सायकली आहेत, मग आपल्याला काहून नाही?" थोडा वेळ हसू झालं. मग ठराव लिहिला. अंतर्गत कर्जातून पाच जुन्या सायकली घेतल्या. दुरुस्ती धरून ९ हजार रुपये गेले. हप्ता प्रत्येकीने आपापला भरायचा.

शिकवायला आमच्याच पोरी होत्या. धान निघालेल्या बांधीत, संध्याकाळी अंधार पडता पडता आम्ही शिकलो, म्हणजे पडलो तरी कोणी पाहू नये. तामिळनाडूतल्या पुदुकोट्टई जिल्ह्यात १९९० नंतरच्या काळात साक्षरता अभियानातून हजारो बायका सायकल शिकल्या. तिथल्या बायकांना जमलं, तर आम्हाला का जमू नये, एवढंच आम्ही एकमेकींना म्हणत होतो. महिनाभरात पाचही जणी बँकेपर्यंत जाऊ लागलो.

मग जानेवारीत ठरलं की एक दिवस कामाशिवाय जायचं. नगरधन, रामटेक, अंबाळा आणि खिंडसी. जाऊन येऊन ३५ किलोमीटरच्या आसपास. घरी सांगताना प्रत्येकीला सारखाच प्रश्न आला, "तिथं काम काय?" काम काही नव्हतं. हेच सांगायला सगळ्यात जड गेलं.

सकाळी सहाला निघालो. धुकं होतं. चहाच्या टपरीवरून आवाज आला, "कुठं चालल्या वो बाया, सर्कस निघाली का?" काकूंनी घंटी वाजवली आणि पुढे गेल्या. रस्ता सपाट आहे, चढ जवळजवळ नाहीच, त्यामुळे नव्या शिकलेल्या बाईलाही झेपतो.

नगरधनचा किल्ला डोंगरावर नाही, सपाट जमिनीवर आहे. चौकोनी तटबंदी, बुरूज आणि आत जुनी विहीर. तिथे खाली पायऱ्या उतरून देवीचं ठाणं आहे. आम्ही इतक्या जवळ राहतो, पण पाचपैकी तिघींनी तो किल्ला आतून पहिल्यांदाच पाहिला.

आमच्यातल्या एकीने बी.ए.ला इतिहास घेतला होता. तटाजवळ बसून, घरून आणलेले पोहे खाता खाता तिने सांगितलं ते तुम्हालाही सांगतो. हल्लीचा किल्ला भोसल्यांच्या काळातला मानतात, पण हे गाव त्याहून फार जुनं. वाकाटक राजांची राजधानी नंदिवर्धन ती हीच, असं अभ्यासक मानतात. सोळाशे वर्षांपूर्वी इथे एका बाईने कारभार पाहिला. तिचं नाव प्रभावतीगुप्ता. सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची ही लेक वाकाटकांच्या घरी दिलेली. नवरा, राजा रुद्रसेन, लवकर गेला. मुलं लहान. तिने मुलाच्या वतीने निदान तेरा वर्षं राज्य सांभाळलं. तिने दिलेल्या दानाचा ताम्रपट नंदिवर्धनहून काढलेला आहे, आणि त्यात तिने आधी माहेरची वंशावळ दिली आहे. हे ऐकून आम्ही सगळ्याच हसलो. २०१५ नंतरच्या काही वर्षांत डेक्कन कॉलेज आणि राज्याच्या पुरातत्त्व विभागाने नगरधनला खोदकाम केलं. तिथे तिच्या नावाची मातीची मुद्रा सापडली. ब्राह्मी अक्षरांत नाव आणि सोबत शंखाचं चित्र.

काकू ऐकत होत्या. त्या ५३ वर्षांच्या, नवरा जाऊन पंधरा वर्षं झाली. म्हणाल्या, "म्हणजे तिची मोहोर चालत होती. तिला सही कराले कोणाच्या फटफटीवर बसून जावं लागलं नसंल."

नगरधनहून रामटेक आठ-नऊ किलोमीटर. दुरूनच गड दिसू लागतो. या रस्त्यावर आमची एक सून पडली. साडीचा काठ चेनमध्ये गेला आणि गुडघा खरचटला. पाण्याने धुऊन, पदराची पट्टी बांधून ती पुन्हा बसली. दुपारी घरी गेल्यावर तिला खूप बोलणं खावं लागलं. खरं ते सांगतो, अजूनही तिला लांब जायची परवानगी नाही, फक्त बैठकीपुरती सायकल मिळते. आम्ही तिच्या सासूबाईंशी बोलतो आहोत. अजून त्या मानलेल्या नाहीत.

सायकली खाली लावून अंबाळ्याच्या बाजूच्या पायऱ्यांनी गडावर जाता येतं. वर रामाचं मंदिर तर आहेच, पण वाकाटकांच्या काळातली नरसिंहाची मंदिरं आणि मोठा दगडी वराहही आहे. कवी कालिदासाच्या 'मेघदूता'तला रामगिरी तो हाच डोंगर, असं मानतात. त्याचं स्मारक गडावर आहे. रामटेकच्या संस्कृत विद्यापीठालाही त्याचंच नाव दिलं आहे. ते विद्यापीठ १९९७ चं. वर माकडं फार, प्रसादाची पिशवी हातात उघडी धरू नका.

अंबाळा तलाव गडाच्या पायथ्याशी. काठाने घाट आणि जुनी देवळं. आपल्याकडची माणसं इथे दिवसकार्याला येतात. काकू घाटावर बसल्या आणि बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "यांच्या दिवसांना आलो होतो. तेव्हा बायांनी मला मधात बसवलं होतं. तलाव दिसलाच नाही. एवढा मोठा आहे हे आज पाह्यलं." आम्हीही काही बोललो नाही. त्या उठल्या, पाण्याने तोंड धुतलं, आणि सायकलीचं स्टँड काढलं.

तिथून खिंडसी पाच-सहा किलोमीटर. सूर नदीवर बांध घालून इंग्रजांच्या काळात हा तलाव केला. याच पाण्यावर खालच्या भागातलं धान उभं राहतं. तीन बाजूंनी टेकड्या, मधे पाणी. आपल्या बांधीत येणारं पाणी कुठे साठतं हे आम्ही त्या दिवशी पाहिलं. तिथेच भाकरी-झुणका खाल्ला, अर्धा तास आडवं झालो आणि परतलो. तीनला घरी.

ज्यांना मनसरही पाहायचं आहे त्यांनी दुसरा दिवस ठेवावा. रामटेकहून मनसर सहा-सात किलोमीटर. टेकडीवर वाकाटकांच्या काळातलं विटांचं मोठं बांधकाम उकरून काढलं आहे. अभ्यासक ते प्रभावतीच्या मुलाचं, दुसऱ्या प्रवरसेनाचं मानतात. जवळ तलावही आहे. पण त्या रस्त्यावर गाड्या जास्त आणि मनसरला मोठा महामार्ग. नव्या शिकलेल्या बायकांनी आधी नगरधनचाच रस्ता धरावा.

आता कामाच्या चार गोष्टी. दिवाळी ते शिमगा हे दिवस चांगले, त्यानंतर ऊन सोसत नाही. साडी असेल तर काष्टा घाला, नाहीतर सलवार. ओढणी आणि पदर पक्का खोचा. एकामागे एक चालवा, बाजूबाजूने गप्पा मारत नको. पंपाची आणि पंक्चरच्या सामानाची एक पिशवी गटाची असावी, आणि पंक्चर काढायला निदान दोघींनी शिकावं. सगळ्यात हळू चालवणारी सगळ्यात पुढे ठेवा, म्हणजे कोणी मागे सुटत नाही.

रविवारी नागपूरकडून सायकलवाले खिंडसीकडे येताना आम्हाला दिसतात. त्यांना सकाळी गरम पोहे आणि उकडलेले शिंगाडे विकता येतील का, हा विषय पुढच्या बैठकीत घेतला आहे. जमलं तर सांगू, नाही जमलं तरी सांगू.

यंदा रोवणीच्या आधी काकू आणि सचिव स्वतःच्या सायकलीने बँकेत गेल्या. सकाळी अकराला सह्या झाल्या. दुपारी पैसे वाटले. कोणालाही बाहेरून घ्यावे लागले नाहीत.

तुमच्या गावाजवळही एखादा तलाव, गढी, जुनं देऊळ असेलच. तिकडे कामाशिवाय एकदा जाऊन या. जाताना आपल्यातली जी आजवर कुठेच गेली नाही तिला सोबत घ्या. आणि आमच्या त्या सुनेच्या सासूबाई हा कार्यक्रम ऐकत असतील, तर त्यांना आमचा नमस्कार. सोमवारी आम्ही चहाला येतो आहोत.